तुझी लुगडी घेऊन मी निघाले

हिराक्का, तुझी बॅग शेवटी मीच उघडली. तुझ्या बाराव्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, तुझ्याच खोलीत. चेन ओढली तसा कडुलिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला आणि माझा हात थांबला. वाटलं, आता मागून तुझा आवाज येणार, "इमल, इस्कटू नको हां, पाठ मोडून भरली हाय मी." आवाज आला नाही. मग मी बॅग पुन्हा भरायला घेतली. गाडी पनवेलहून ठरल्या दिवशीच सुटणार होती आणि तुझी लेक तिकडे केरळात, अलेप्पीला, दिवस भरत आलेलं पोट घेऊन एकटी बसली होती.

तू माझी कोण, हे या महिन्यात मला पुष्कळांनी विचारलं. मी सांगते, मालकीणबाई. हसतात. पण सुरुवात तिथूनच झाली ना? लग्न करून मी साताऱ्याकडून घणसोलीला आले ती तुमच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीत, भाडेकरीण म्हणून. आमचे हे वाशीच्या मार्केटात कांद्याच्या गोणी उचलायचे, पहाटे जायचे. मी धुणं धुवायचे आणि गावाकडच्या सवयीनं घरातच दोरीवर टाकायचे. आठवड्याभरात सगळ्या कपड्यांना कुबट वास. मला वाटलं, साबण वाईट आहे. तू दारात येऊन नाक मुरडलंस.

"काय गो, कापरां घरान टाकतेस? ही खाडीची हवा हाय. हितं कापड घरान सुकत नाय, कुजतं."

मग तू माझी बादली उचलून अंगणात गेलीस आणि मला कपडे वाळवायला शिकवलंस. मोठ्या बाईला, लग्न झालेल्या बाईला! परकराची नाडी आधी वाळवायची, कारण पाणी तिथं लपून बसतं. उन्हातून काढलेलं कापड गरम असताना घडी घालायची नाही, ते घडीत घामेजतं. गार होऊ द्यायचं, मग घडी. मला राग आला होता तुझा, खरं सांगते. पण त्या पावसाळ्यात चाळीत माझ्याच खोलीतल्या कपड्यांना वास नव्हता.

आणि माझा राजू झाला तेव्हा? माझी आई मी लहान असतानाच गेलेली. सासूबाई अंथरुणाला. कुणी येणार नव्हतं. तू विचारलंसुद्धा नाहीस. एक दिवस तुझी दोन जुनी लुगडी टराटरा फाडलीस, माझ्या खोलीत येऊन बसलीस आणि दुपटी शिवायला लागलीस. सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नाहीस. तुझ्या नवऱ्याच्या घरच्यांनी नावं ठेवली, "भाडेकरणीचं बाळंतपण करते." तू म्हणालीस, "करते. पुढं?"

हे "पुढं?" तुझं फार भारी होतं. समोरच्याला पुढं काही सुचायचंच नाही.

नंतर तुमच्या जमिनी नव्या शहरासाठी सरकारकडे गेल्या, चाळ पाडून तुम्ही चार मजली इमारत बांधलीत, आम्ही त्यातलीच तळमजल्यावरची खोली घेतली. मी बालवाडीत शिकवायला लागले. तुझा निलेश आणि तुझी पूनम माझ्याच समोर अआइई शिकले. निलेश तेव्हा बहिणीची पाटी आधी पुसून द्यायचा आणि मग स्वतःची. तो तसा होता म्हणूनच पुढचं मला इतकं लागलं.

पूनम ऐरोलीला कंपनीत लागली आणि तिथल्याच एका मल्याळी मुलाशी तिनं लग्न ठरवलं. विनोद. शांत पोरगा, तुझ्या दारात चप्पल सरळ लावून ठेवणारा. लग्नाचं बोलायला आला तेव्हा निलेशनं त्याला जिन्यातूनच परत पाठवला. लग्न झालं ते आपल्याशिवाय. पुढच्याच वर्षी तुझे मालक गेले आणि निलेशनं सगळ्यांसमोर सांगितलं, "तिच्या टेन्शननं गेले." त्या दिवसापासून तुझ्या घरात पूनमचं नाव बंद.

तू मात्र रोज दुपारी माझ्या खोलीत यायचीस. म्हणायचीस, "जरा पाठ टेकते." पाठ कसली टेकतेस, माझा फोन घेऊन बसायचीस. माझ्या ओट्याशी उभं राहून तू लेकीशी बोललेली एकूण एक गोष्ट मी ऐकलीय. त्यावरून आपलं भांडण व्हायचं. मी म्हणायचे, निलेशला तोंडावर सांग, चोरून काय बोलतेस. तू म्हणायचीस, "तो आपसूक येईल गो. नारळ पिकला का पडतो." मी म्हणायचे, "पडला नाही आणि झाडावरच सुकला तर?" तू फोन माझ्या हातात देऊन उठायचीस. हे भांडण आपलं राहूनच गेलं, हिराक्का.

मग पूनमला दिवस गेले. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद सांगितला आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं तर माहेराचं दार बंद. विनोदची आई नाही, वडील थकलेले. त्या दुपारी तू फोन ठेवलास, पदरानं मान पुसलीस आणि म्हणालीस, "पोर माहेराला येत नाय, तर माहेर उठून पोरीकडं जानार."

संध्याकाळी तू निलेशला सांगितलंस. आवाज खालपर्यंत आला. तो ओरडला, तू नाही ओरडलीस. शेवटी तुझंच वाक्य ऐकू आलं, "मी जाते. पुढं?"

त्यानंतरचे दिवस आपले किती मजेत गेले गं. कुठं लांब जायचं म्हणून तू कधी बॅग भरलीच नव्हतीस. जेजुरीला गेलीस ती पिशवी घेऊन. पूनम फोनवर सांगायची, "आई, इथं खूप दमट आहे. आपल्या खाडीच्या दुप्पट. हलके कपडे आण, सुती आण, कमी आण." आणि तू नेमकं उलट करायचीस. मी दोन सुती गाउन आणले, फुलाफुलांचे, मऊ. तू ते हातात धरून असे पाहिलेस की जणू मी तुला बनियन दिलंय.

"हे घालून मी जावयासमोर येऊ?"

"अगं तिकडं घामानं नऊवार अंगाला चिकटेल तुझं."

"कवा चिकटलं? गुडघ्यापर्यंत नेसलं का वारा खालनं येतो. तुजा गाउन म्हंजे गोणी. हवा जाईल कुठून?"

मग मी म्हटलं, निदान सिंथेटिक साड्या घे, पिळल्या की वाळतात. तर म्हणालीस, "साडी वाळते, पर अंग नाय वाळत." घामोळं तुला येणार होतं का मला, पण आपण दोघी त्यावर तावातावानं भांडलो. शेवटी तू नेसायची पाचही लुगडी सुतीच घेतलीस, ब्लाउज बिनअस्तराचे, आणि गाउन मी गुपचूप तळाशी घातले.

सगळ्यात मोठं भांडण टोपड्यांवरून. तू बाळासाठी लोकरीची तीन टोपडी विणून घेतली होतीस. लोकरीची! अलेप्पीला! मी म्हटलं, "पोर उकडून निघेल." तू म्हणालीस, "कानाला वारा लागंल." मी म्हटलं, "वारा असेल तर लागेल ना?" त्यावर तू माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस.

आणि ती मऊ लुगडी. ती तुझी खरी तयारी. वापरून वापरून जाळीसारखी झालेली, ज्यांचं काठापदराचा रंगसुद्धा ओळखू येत नाही अशी. तू ती रोज धुवायचीस, गच्चीवर कडक उन्हात टाकायचीस. नव्या जीवाच्या अंगाला दुकानातलं कापड टोचतं, म्हणायचीस. आजीच्या अंगावर मऊ झालेलं कापडच पाहिजे.

त्या सकाळी तू तीच काढायला गच्चीवर गेली होतीस. जिना उतरून माझ्या दारात आलीस, हातात लुगड्यांचा ढीग, आणि म्हणालीस, "खांद्याला कल येते गो, लई दुखतं." तुझा चेहरा पाहून मी हातातलं पीठ तसंच टाकलं. निलेश साइटवर होता. त्याला फोन लावत मी रिक्षा थांबवली. रिक्षात तू माझा हात धरला होतास. मला वाटलं देवाचं नाव घेशील, पोरांचं घेशील. तू म्हणालीस, "बॅगेन डांबरगोल्या टाकू नको हां. पोराच्या नाकात वास जाईल. पाला टाक."

मी म्हटलं, "तूच टाक की. तुझी बॅग आहे."

"व्हय," म्हणालीस आणि बाहेर बघायला लागलीस.

दवाखान्यात तुला आत नेलं आणि मग बाहेर आली ती नुसती बातमी. माझ्या हाताला पीठ वाळलेलं होतं. एवढंच मला त्या वेळचं नीट आठवतं.

तुला घरी आणलं तेव्हा पूनमचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. तिला गाडीत बसवायला डॉक्टर तयार नव्हते. निलेश तुझ्या उशाशी उभा होता. मी त्याला विचारलं नाही. कॅमेरा तुझ्या चेहऱ्याकडे वळवला आणि धरून उभी राहिले.  पूनम रडेल असं वाटलं होतं. पण फोनमधून तिचा आवाज आला, "तिचा पदर सरकलाय. कुणीतरी नीट करा ना."

मी पुढे होणार इतक्यात निलेश वाकला. त्यानं तुझा पदर कानामागून घेऊन नीट बसवला, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा तसा. फोनकडे त्यानं पाहिलं नाही. पण बहिणीनं सांगितलेलं त्यानं केलं, हिराक्का. हे तुला कोण सांगणार, म्हणून मी सांगतेय.

रात्र कशी गेली ते सोड. दुसऱ्या दिवशीच मी आमच्या ह्यांना म्हटलं, "मी जाते पूनमकडे." गुडघे दुखतात माझे, मला भाषा येत नाही, एकटीनं एवढा प्रवास कधी केला नाही. हे चहा पीत होते. म्हणाले, "मी भाकरी थापून खाईन. तू जा." आणि तुझं तिकीट होतं त्याच गाडीचं माझ्या नावाचं तिकीट काढून आणलं.

निलेशला मात्र पटेना. "मावशी, तू कशाला त्रास घेतेस? तिकडं बाई ठेवतील ते. तुझा काय संबंध?"

मी म्हटलं, "तुझ्या आईनं माझं बाळंतपण केलंय. माझा राजू तुझ्या आईच्या लुगड्यात वाढला. संबंध तिथला आहे."

 माझ्या मनात आलं, पुढं? पण मी ते तोंडातून काढलं नाही. तो शब्द तुझा.

खरी लढाई झाली ती बाराव्याच्या आदल्या दिवशीच. मी बॅग भरत होते आणि तुझी नणंद, पारूआत्या, दारात येऊन उभी राहिली. ती तुझे कपडे गोळा करायला आली होती, दुसऱ्या दिवशी वाटून टाकायला. मऊ लुगडी माझ्या मांडीवर बघून तिचे डोळे मोठे झाले.

"ही कुठं नेतेस?"

"बाळासाठी. दुपटी करायला."

"मेल्याल्या बायची लुगरी? नव्या जीवाला? अपशकुन हाय गो! कोनी करत नाय आसा."

बायका जमल्या. एक म्हणाली खाडीत सोडा, एक म्हणाली गरिबाला द्या. माझ्या हातातलं लुगडं पारूआत्यानं एका टोकानं धरलं. मी दुसरं टोक सोडलं नाही. मला वाटतं आयुष्यात मी पहिल्यांदाच तुमच्या घरात आवाज चढवला.

"आत्या, ही तिनं जिवंतपणी धुतलीत. जिवंतपणी उन्हात टाकलीत. शेवटची घडी मी घातलीय, तिच्या हातातून घेऊन. यात मेलेल्याचं काय आहे, दाखवा मला."

"पोरीला इचारलं? का तूच ठरवतेस?"

बरोबर होतं तिचं. मी तिथंच फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवला आणि सगळं सरळ सांगितलं. म्हटलं, "तुझं बाळ आहे, पूनम. तू सांगशील तसं. मनात किंतू असेल तर नाही आणत."

 पूनम म्हणाली, "मावशी, आईची लुगडी आणणार नसशील तर तू पण येऊ नकोस."

पारूआत्यानं टोक सोडलं. तशीच निघून गेली. मला वाईट वाटलं, म्हातारी बाई, तिचंही चुकत नव्हतं. तिला जे माहीत होतं तेच ती राखत होती. दिवे लागायच्या वेळेला ती परत आली. काखेत एक गाठोडं. माझ्यासमोर टाकलं.

"हा माजा लुगरा. मी जिती हाय अजून. तिचा आतनं लाव, माजा भायेरनं. मंग काय नाय व्हत."

मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाली, "हिरा गेली, पर हट्ट तुज्याकडं ठेवून गेली."

तर अशी भरली मी तुझी बॅग. तळाशी दुपट्यांची लुगडी, तुझी आणि आत्याची, मध्ये कापडी पिशवीत पाला. त्यावर माझे सुती सहावार आणि बिनअस्तराचे ब्लाउज. सिंथेटिक एकही घेतली नाही. तुझे फुलाफुलांचे गाउन मी स्वतःसाठी घेतले. मेथी, अळीव, डिंक डब्यात. प्लॅस्टिकच्या पिशव्या सगळ्या काढून टाकल्या, कारण दमट हवेत कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडलं की त्यावर काळे ठिपके पडतात. लोकरीची टोपडी मी तीनदा बाहेर काढली आणि तीनदा आत ठेवली. शेवटी एक नेलं.

पनवेलला सोडायला निलेश आला. मी सांगितलं नव्हतं. सकाळी खाली उतरले तर गाडी सुरू करून बसलेला. त्यानं बॅग उचलली, मागच्या सीटवर ठेवली. पनवेलला रेल्वेच्या डब्यात माझी जागा शोधून बॅग सीटखाली सरकवली, पाण्याच्या बाटल्या दिल्या, खिडकीशी येऊन उभा राहिला. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा म्हणाला, "मावशी, तिकडं लई गरम होत असेल ना? घरात एसी हाय का तिच्या?"

"पंखा आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून गेला. त्याचा शर्ट पाठीवर पूर्ण भिजला होता.

पूनमला मी अलेप्पीला तिच्या दारात बघितलं. फोनवर दिसायची ती पूनम आणि समोरची मुलगी यांत फरक होता. घामानं केस कपाळाला चिकटलेले, पाय सुजलेले. तिनं मला मिठी मारली नाही. बॅग उघडली, लुगडं काढलं आणि त्यात तोंड घालून बसली. मी बाजूला बसून राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "रड पोरी, पर पाटावर बस, फरशी गार हाय." मी तेच म्हटलं. ती रडता रडता हसली.

आठवड्यानं मुलगी झाली. सुखरूप. वाऱ्याला हात लावून बघावा इतकी हवा इथं जड आहे, आणि तरी तुझ्या लुगड्यात तिला घामोळं आलं नाही. दवाखान्यातल्या बाईनं ते कापड बोटांत धरून पाहिलं आणि विनोदला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. विनोदनं मला सांगितलं, "त्या विचारतायत, इतकं मऊ कुठं मिळतं?" मी काय सांगणार? म्हटलं, घणसोलीला मिळायचं.

टोपड्याचं सांगते. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, म्हणजे मी जिंकले. पण जिंकून कुणाकडं बघू? संध्याकाळी पाण्यावरून जरा वारा सुटतो तेव्हा मी पातळ फडक्यानं तिचे कान झाकते. दिवसा माझं, संध्याकाळी तुझं. एवढं आपलं भांडण मी मिटवून टाकलंय. दुसरं, निलेशचं, मिटलेलं नाही.

तुला मी कधी सांगितलं नाही की राजूच्या वेळी तू आली नसतीस तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. तू समोर असताना तसं बोलायची आपल्यात पद्धतच नव्हती. आता इथं रोज सकाळी मी पोरीला न्हाऊ घालते, शेक देते, पूनमला पाण्यात हात घालू देत नाही. हेच माझं सांगणं समज.

मी निलेशला बाळाचा फोटो पाठवला. त्यानं पाहिला, हे दिसलं. उत्तर नाही. ठीक आहे. नारळ कधी पडतो याची वाट बघणं तुला जमायचं, मला जमत नाही. सव्वा महिना झाला, डॉक्टरांनी हो म्हटलं, की मी या दोघींना आणि विनोदला घेऊन निघणार आहे. पूनमला सांगितलंय, ती घाबरलीय आणि तिनं कपडे बाजूला काढायलाही सुरुवात केलीय. आम्ही पनवेलला उतरू, घणसोलीला येऊ, तुझ्या इमारतीचा जिना चढू. माझ्या तळमजल्याच्या दारापाशी मी थांबणार नाही. वर जाणार. बेल वाजवणार. आणि दार उघडलं की काही बोलायच्या आत तुझी नात निलेशच्या हातात देणार.